उघड्या कानांचे हेडफोन: पहिल्यांदा घेताना काय बघाल?

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी घरून काम करताना कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे इअरबड्स वापरायचे. बाहेरचा आवाज बंद करणारे. एका दुपारी कॉल संपवून उठले, तर बाथरूमच्या दारावर थापा ऐकू आल्या. आई टॉवेल न्यायला विसरली होती आणि बराच वेळ मला हाका मारत होती. दार किलकिलं करून टॉवेल घेताना ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "घसा बसला गं माझा." त्या संध्याकाळी मी कान उघडे ठेवणाऱ्या हेडफोनांची माहिती शोधायला बसले. तेव्हापासून निरनिराळ्या घडणीचे जोड वापरून झाले, दोन-तीन मैत्रिणींना आणि एका काकांना निवडून दिले, आणि प्रत्येक वेळी तेच प्रश्न निघाले. ते इथे क्रमाने मांडते आहे.

या हेडफोनांच्या जाहिरातीत एक शब्द हमखास येतो: मिनिमलिस्ट. गुळगुळीत, एकाच रंगाचं, ना बटण ना सांधा, असं काहीतरी दाखवलं जातं. नवखा माणूस नेमका इथे फसतो. वस्तूतून एखादा भाग काढून टाकला म्हणजे त्या भागाचं काम संपत नाही, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. बटण काढलं तर बोटांच्या खुणा पाठ करायचं काम तुमचं. नेहमीचा चार्जिंग पोर्ट काढला तर खास वायर जपायचं काम तुमचं. रबरी टोपी काढली तर तुमचं गाणं ऐकायचं काम शेजारच्याचं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एकच गोष्ट विचारणार आहे: हे काढलं, मग त्याचा भार गेला कुठे?

ब्राउन या जर्मन कंपनीसाठी अनेक वर्षं काम केलेले डीटर राम्स यांनी चांगल्या डिझाइनच्या दहा कसोट्या सांगितल्या. त्यांतली दहावी, म्हणजे डिझाइन शक्य तितकं कमी असावं, ही सगळ्यांना आठवते. वस्तू उपयोगी असावी ही दुसरी आणि ती बघताच समजावी ही चौथी मात्र मागे पडते. खरेदी करताना मी आधी दुसरी आणि चौथी तपासते, मग दहावी.

आधी नावांचा घोळ सोडवू

दुकानात तीन वेगळ्या गोष्टी "ओपन" या एकाच शब्दाखाली दाखवल्या जातात.

ओपन-बॅक हेडफोन कान झाकतात, पण त्यांच्या वाटीची बाहेरची बाजू जाळीची असते. सेनहायझरने १९६८ साली आणलेला एचडी ४१४ हा या घराण्यातला पहिला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा. घरात शांतपणे बसून संगीत ऐकण्यासाठी हा प्रकार उत्तम, पण आपला विषय तो नाही.

दुसरा ट्रान्स्परन्सी मोड. यात कान बंदच असतो. इअरबडवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्यावर काम करते आणि छोटा स्पीकर तो तुम्हाला परत ऐकवतो. सोय चांगली आहे. पण आधी भिंत बांधायची आणि मग तिच्यात खिडकीचं चित्र दाखवायचं, असा हा मामला. बॅटरी संपली की खिडकी गेली, भिंत राहिली.

तिसरा ओपन-इअर, आपला. यात कानाच्या छिद्रात काहीच जात नाही. आवाज गालाच्या हाडातून किंवा कानासमोरच्या हवेतून पोचतो, आणि बाहेरचं जग जसं आहे तसं ऐकू येत राहतं. बॅटरी संपली तरी आईची हाक ऐकू येते. भाग काढला आणि ऐकणाऱ्यावरचा भारही खरोखर नाहीसा झाला, याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ही गरज काही आजची नाही. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, आला तेव्हा त्यावर नारिंगी रंगाचं एक बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि अंगच्या मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. म्हणजे संगीत खिशात आलं त्याच दिवशी माणसांना ऐकू येण्याचं काय, हा प्रश्नही उभा राहिला होता.

पायरी १: कुठे वापरणार ते ठरवा

मॉडेल बघण्याआधी हे ठरवा, कारण काही ठिकाणी ओपन-इअर घेऊच नये.

घरात, ऑफिसच्या शांत कोपऱ्यात, सकाळी टेकडीवर, बागेत, रस्त्याच्या कडेने चालताना किंवा धावताना हे हेडफोन फार चांगले. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न, कुत्र्याचं गुरगुरणं, दारावरची बेल, कुकरची शिट्टी, सगळं कानावर पडतं. लहान मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर मी दुसरा प्रकार सुचवणारच नाही.

सकाळच्या विरार फास्टमध्ये मात्र नाही. एसटीत खिडकीशी बसून, विमानात, गिरणीत, मिक्सर चालू असताना, कुठेही नाही. बाहेरचा गोंगाट अडवायला इथे काहीच नसल्यामुळे हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो, आणि गोंगाटावर मात करणारा आवाज थेट कानाला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल. प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. "कान उघडा आहे, मग धोका नाही" हा समज चुकीचा आहे.

माझा नियम साधा आहे. घरी शांततेत आवाज जुळवून ठेवायचा. रस्त्यावर तो ऐकू येईनासा झाला तर वाढवायचा नाही, गाणं थांबवायचं. सिग्नल ओलांडला की पुन्हा सुरू.

रोजचा प्रवास लोकलचाच असेल आणि ऐकणं तेवढ्या वेळातच होत असेल, तर हा लेख इथे सोडून आवाज अडवणारे इअरबड्स घ्यावेत, हाच माझा सल्ला.

पायरी २: चार घडणींमधली एक निवडा

किंमत दोन-तीन हजारांपासून पंचवीस हजारांच्या आसपासपर्यंत जाते, पण सगळी मॉडेलं मिळून घडणी चारच. सगळी नावं आपल्याकडच्या दुकानात मिळतीलच असं नाही. घडण ओळखता आली की त्याच जातीचं दुसरं शोधता येतं.

पट्टीवाले. मानेमागून जाणारी एक बारीक लवचिक पट्टी आणि दोन टोकांना कानासमोरच्या हाडावर टेकणाऱ्या दोन गाठी. यात आवाज हाडाच्या कंपनातून थेट आतल्या कानात, कॉक्लियापर्यंत जातो. कानाचा पडदा वाटेत लागत नाही. शॉक्झ, म्हणजे आधीची आफ्टरशॉक्झ, ही कंपनी यासाठी ओळखली जाते. त्यांचा ओपनरन २६ ग्रॅमचा आहे. कसरत आणि धावणं यांसाठी मी अजूनही हाच प्रकार सुचवते, कारण धक्का बसला तरी पडत नाही आणि एक बड हरवायची भीती नाही, दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. "पडदा वाचतो म्हणून कान वाचतो" असं दुकानदार सांगतात. मोठ्या आवाजाने इजा होते ती मुख्यतः कॉक्लियामधल्या नाजूक केसांसारख्या पेशींना, आणि हाडातून गेलेला आवाजही शेवटी तिथेच पोचतो. ऐकण्याची तक्रार असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना विचारा. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर हाडातून ऐकण्याचा उपयोग होऊ शकतो, आतल्या कानात असेल तर हा प्रकार त्यावरचा उपाय नव्हे.

दुकानात हाडवाला आणि हवावाला यांतला फरक ओळखायचा असेल तर गाणं चालू ठेवून कानाच्या छिद्रावर बोट दाबा. गाणं मंदावलं तर ते हवेतून येत होतं. उलट भरदार झालं, ढोलाचा घुमारा वाढला, तर हाडातून येतंय.

हुकवाले. कानावर चष्म्याच्या काडीसारखा आकडा, आणि कानाच्या तोंडाशी, आत न शिरता, लोंबणारा छोटा स्पीकर. शॉक्झ ओपनफिट २०२३ चा, प्रत्येक बाजू साधारण ८.३ ग्रॅम. नथिंगचा इअर ओपन २०२४ चा, ८.१ ग्रॅम. संगीतासाठी चारही घडणींत हाच मला जास्त आवडतो, कारण आकड्याचा आधार असल्याने मोठा स्पीकर बसवता येतो.

क्लिपवाले. आपल्याकडे ही घडण समजावून सांगायला सर्वात सोपी. बुगडी किंवा भिकबाळी कानाच्या वरच्या कडेला बसते, तसा हा क्लिप त्याच्या थोडा खाली, मधल्या कडेला बसतो. एक गोळा कानाच्या खळग्यात, एक कानामागे, मध्ये लवचिक कमान. हुआवेचा फ्रीक्लिप २०२३ च्या डिसेंबरमध्ये आला, एक नग ५.६ ग्रॅम. बोसचा अल्ट्रा ओपन २०२४ चा, सहा ग्रॅमच्या जवळपास. चष्मा लावणाऱ्यांनी आधी हाच बघावा, कानावरची जागा मोकळी राहते.

भोकवाले. सोनीने २०२२ साली लिंकबड्स आणले तेव्हा मी त्याच्या रचनेकडे नुसती बघत राहिले होते. आतला स्पीकर चकतीसारखा नाही, बांगडीसारखा. १२ मिलिमीटरच्या त्या कड्याच्या मधोमध खरोखरचं भोक आहे. बड प्रकाशासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसते. बाहेरचा आवाज त्याच भोकातून येतो, त्यासाठी मायक्रोफोन लागत नाही की चिप. वजन ४.१ ग्रॅम. पण कड्याला कानाच्या खळग्यातच टेकावं लागतं, त्यामुळे ज्याच्या कानाला तो आकार जुळला त्याला स्वर्ग, नाही जुळला त्याला अर्ध्या तासात दुखायला लागतं. हा घ्यायचा तर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ३: अंगावर घालून बघा, नुसतं हातात धरून नाही

ग्रॅमचा आकडा कागदावर वाचून फार काही कळत नाही. ८ ग्रॅमचा हुक वजन नीट वाटून बसला असेल तर जाणवत नाही, आणि ५ ग्रॅमचा क्लिप एकाच ठिकाणी चिमटा घेत असेल तर तासाभरात कानाची कड लाल होते. कमीत कमी पंधरा मिनिटं घालून दुकानात हिंडा. मान खाली घाला, खाली वाका, बुटाची नाडी बांधल्याचं करा. दुकानदार नाही म्हणाला तर जिथे वस्तू परत घेतात तिथून मागवा.

चष्मा असेल आणि हुकवाला घ्यायचा असेल तर घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. हुक आधी, चष्म्याची काडी नंतर, हुकाच्या बाहेरून. उलट केलंत तर चालता चालता काच पुसायला चष्मा काढला की बड उडून गटारात. क्रम बरोबर असेल तर काडी वेगळी सुटते आणि हुक जागचा हलत नाही. काडी जाड असेल तर सरळ क्लिपकडे वळा.

कानातल्यांचा विचार जाहिरातीत कुणी करत नाही, पण आपल्याला करावाच लागतो. कुडी असेल तर कुठलाच प्रकार अडत नाही. झुबे असतील तर हुकवाल्याचा खालचा भाग त्यांच्यावर आपटतो आणि चालताना टिकटिक ऐकू येत राहते. कानवेल घालत असाल तर हुक विसरा, साखळी अडकते. बुगडी असेल तर क्लिप तिच्या खाली बसतो का ते आरशात बघा. माझ्या एका मैत्रिणीची बुगडी आणि क्लिप एकाच कानावर सुखाने नांदतात. पण तिच्या कानाची कड रुंद आहे.

पट्टीवाल्याचं दुखणं मानेमागे असतं. केसांचा अंबाडा खाली बांधत असाल तर पट्टी त्यावर चढते. रेनकोटची कॉलर, जॅकेटची टोपी तिला ढकलते. सोफ्यावर मान टेकली की पट्टी पुढे सरकते आणि दोन्ही गाठी हाडावरून सुटतात. पडून ऐकायची सवय असेल तर हा प्रकार तुमचा नाही.

हेल्मेट आणि हेडफोन यांची जोडी जुळते का, असं मला नेहमी विचारलं जातं. मी गाडी चालवताना काहीच घालत नाही आणि कुणाला सांगतही नाही. कान उघडा असला तरी लक्ष एकच असतं.

पायरी ४: बटणं

माझा सगळ्यात मोठा मनस्ताप इथला आहे, म्हणून जरा सविस्तर.

माझा पहिला जोड हुकवाला होता, पूर्ण गुळगुळीत, एकही बटण नाही. एकदा टिचकी मारली की थांबायचं, दोनदा मारली की पुढचं गाणं, तीनदा मारली की मागचं, बोट दाबून धरलं की आवाज वाढायचा. पेटीतल्या कागदावर चित्रं होती, मी ती पाठ केली. आठवडाभराने एका ग्राहकाशी महत्त्वाचा कॉल चालू होता. उकाडा होता म्हणून बोलता बोलता केस वर बांधले. मनगट बडला लागलं आणि कॉल कटला. पुन्हा लावला, माफी मागितली. दहा मिनिटांनी घामाचा एक थेंब ओघळला आणि पुन्हा तेच. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं की बिघाड नाही, स्पर्शाची संवेदनशीलता अशीच असते. वस्तू दिसायला सुंदर होती. मी ती परत केली.

बटण हे डिझाइनमधलं अपयश नव्हे. बोटाला उंचवटा लागतो, दाबलं की टक् होतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. कणीक मळताना, कोपराने किंवा बोटाच्या मागच्या बाजूने, पावसात ओल्या हाताने, थंडीत हातमोजा घालून ते चालतं. शॉक्झच्या पट्टीवाल्यांवर खरी बटणं आहेत. बोसच्या क्लिपवरही कानामागच्या भागावर एक छोटं बटण आहे. दिसत नाही, पण बोटाला बरोबर सापडतं. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

बटण काढूनही भार माणसावर न टाकण्याचे दोन प्रयत्न मला मनापासून आवडले. लिंकबड्समध्ये बडलाच टिचकी मारायची गरज नाही, कानासमोर गालावर दोन टिचक्या मारल्या तरी चालतं, बड ते कंपन ओळखतो. ४ ग्रॅमच्या वस्तूवर बोट नेमकं मारायची कसरत संपली, गाल केवढा मोठा. दुसरं फ्रीक्लिपचं. त्याला डावा-उजवा नाहीच. कुठलाही नग कुठल्याही कानात घाला, तो स्वतः ओळखतो आणि आवाजाची बाजू जुळवून घेतो. डबीतून काढताना त्यावरचं बारीक अक्षर वाचायला दिव्याखाली जावं लागत नाही. माझ्या काकांसारख्या मोतीबिंदू झालेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ते अक्षर शोधत बसलेलं ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. लहानसं अक्षर काढलं आणि त्यासोबत रोजचा एक त्रासही निघून गेला.

तेव्हा दुकानात ही चाचणी करा: हेडफोन घाला, डोळे मिटा, आणि गाणं थांबवा, आवाज वाढवा, कॉल उचला. तिन्ही गोष्टी कुणी न शिकवता पाच मिनिटांत जमल्या पाहिजेत. नाही जमल्या तर विचारा, खुणा बदलता येतात का, आणि स्पर्श पूर्ण बंद करता येतो का.

ॲपबद्दल एक वाक्य: ॲप न टाकता हेडफोन पूर्ण चालत नसेल, तर बटणं कमी झालेली नाहीत, तुमच्या फोनमध्ये राहायला गेली आहेत.

पायरी ५: पाणी, चार्जिंग, डबी

पेटीवर आयपी आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्याच्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही, एवढाच अर्थ. दुसरा ४ असेल तर सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. चालायला आणि घामाला ४ पुरतो. आपल्या पावसात धावणाऱ्यांनी ५ किंवा वरचा घ्यावा. पोहण्यासाठी मात्र नुसता मोठा आकडा पुरत नाही, ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं. म्हणून पोहणाऱ्यांच्या खास मॉडेलांत गाणी हेडफोनमध्येच साठवलेली असतात.

चार्जिंगसाठी यूएसबी-सी आहे का ते आधी बघा. पट्टीवाल्यांच्या बऱ्याच मॉडेलांत चुंबकाने चिकटणारी दोन टोकांची खास वायर येते. पोर्टचं भोक नसल्याने पाणी आत जात नाही, हे खरं. पण ती वायर गावी विसरलात की कुठल्याच दुकानात लगेच मिळत नाही. घेतलात तर त्याच दिवशी दुसरी वायर मागवून ऑफिसच्या खणात ठेवा.

पट्टीवाल्यांना चार्जिंगची डबी नसते, बाकी तिन्हींना असते. डबी पँटच्या पुढच्या खिशात मावते का ते बघा. बड लहान आणि डबी साबणाएवढी, असे जोड मी पाहिले आहेत.

आणि बॅटरी. सांधा नसलेलं देखणं शरीर म्हणजे उघडता न येणारं शरीर. आतली बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि मग सगळी वस्तूच टाकावी लागते. फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये युरोपात बॅटरी बदलता येणारे इअरबड्स आणले. ते कानात घुसणारे आहेत, आपल्या प्रकारचे नाहीत, पण जमतं हे त्यातून दिसलं. तोवर एवढं करा: वॉरंटीत बॅटरी येते का ते लिहून घ्या, आणि मेलेला जोड कचऱ्याच्या पिशवीत न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

पायरी ६: ऐकून बघा, आणि शेजारच्याला ऐकायला सांगा

पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: बास कमी आहे. कारण कुकरसारखं आहे. रिंग नीट बसली नाही तर वाफ धरत नाही, खालून आच कितीही द्या. रबरी टोपीचा बड कानातली चिमूटभर हवा कोंडतो, त्यामुळे स्पीकरचा इवलासा पडदाही खालच्या स्वरांचा दाब सहज तयार करतो. इथे कान उघडा, तो दाब निसटतो. म्हणून कंपन्या पडदा मोठा करतात आणि खालचे स्वर वाढवून देतात, तरी थोडी उणीव राहतेच. तबल्याचा डग्गा घुमतो, पण छातीत लागत नाही. उलट बोलणं, मुलाखती, पुस्तकवाचन, भावगीत, सतार, बासरी फार मोकळं वाटतं, खोलीतच कुणी वाजवतंय असं. ढोल-ताशाची रेकॉर्डिंग मनसोक्त ऐकायची असेल तर घरात एक कान झाकणारा जोड वेगळा ठेवा.

तपासायला तुम्हाला पाठ असलेलं गाणं न्या, दुकानातलं नको. दरवाजा उघडा ठेवून, रस्त्याचा आवाज येत असताना ऐका.

मग दुसरी चाचणी. सोबत आलेल्या माणसाला हातभर अंतरावर बसवा, आवाज अर्ध्यावर ठेवा आणि विचारा, काय ऐकू येतंय? चांगल्या हुकवाल्यांत आणि क्लिपवाल्यांत स्पीकरला दोन वाटा असतात. एकीतून सरळ लहर कानाकडे जाते, दुसरीतून उलटी लहर बाहेर. लांबवर दोन्ही सारख्या ताकदीने पोचतात आणि एकमेकींना पुसतात. कानाला पहिली फार जवळ असल्याने ती उरते. खालच्या स्वरांत हे छान जमतं, वरच्या स्वरांत तेवढं नाही, म्हणून शेजारच्याला ऐकू येते ती झांजेची बारीक खसखस. शब्द कळत असतील तर हा जोड ऑफिसात किंवा वाचनालयात वापरण्याजोगा नाही. कॉलवर समोरचा माणूस खासगी काही सांगत असेल तर त्याचीही अब्रू तुमच्या हेडफोनवर आहे, हे लक्षात घेऊन तपासा.

त्याच बैठकीत कॉलही लावून बघा. घरी कुणाला तरी फोन करा आणि तुमचा आवाज कसा येतोय विचारा, शक्यतो पंख्याखाली उभं राहून. वारा लागला की काही मायक्रोफोन नुसते फडफडतात.

पायरी ७: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी तासापेक्षा जास्त नको. कानाच्या कडेला आणि गालाच्या हाडाला सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात. हाडातून ऐकण्याचा प्रकार असेल तर मोठ्या आवाजात गुदगुल्या होतात. हे आवाज जास्त असल्याचं लक्षण समजा आणि कमी करा.

क्लिप घालताना ओढून बसवू नका. कानाची कड जिथे पातळ आहे तिथून सरकवा आणि हळूच फिरवत जागेवर आणा. ऐकताना गोळा थोडा वर-खाली करून बघा. दोन-तीन मिलिमीटरने आवाज पार बदलतो. एकदा जागा सापडली की आरशात बघून ठेवा.

ज्या सोयी लागत नाहीत त्या बंद करा. बोलून सूचना देणारी बाई, डोकं हलवलं की आवाज फिरवणारी सोय, ॲपमधल्या दहा तयार ध्वनिरचना, काही नको. फोन आणि लॅपटॉप दोन्हीला एकाच वेळी जोडलेलं राहण्याची सोय मात्र चालू करा. आईचा फोन आला की लॅपटॉपवरची बैठक सोडून धावत फोन शोधावा लागत नाही.

रोज संध्याकाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. घामातलं मीठ चार्जिंगच्या पितळी ठिपक्यांवर बसतं आणि मग एक बाजू चार्ज होत नाही, लोक म्हणतात बिघडलं. कापसाची काडी जराशी ओली करून ठिपके पुसले की बहुतेक वेळा चालू होतं. पावसाळ्यात भिजून आलात तर ओले बड डबीत बंद करू नका, तासभर पंख्याखाली ठेवा.

डबीची जागा ठरवून टाका. माझी दाराजवळच्या फळीवर, किल्ल्यांच्या शेजारी असते. आईला ती जागा माहीत आहे. मी टेकडीवर जायला निघाले आणि डबी तिथेच राहिली, तर आता तीच हाक मारते.